छत्तीस तासांची बस

अर्जेंटिना देशातल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला मराठी माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतो की तक्रार म्हणून, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. ब्वेनोस आयरेसहून दक्षिणेला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर कोणत्या गावी बदलतो, कोणत्या बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची काच सगळ्यांत मोठी आहे, बसमध्ये रात्रीचं जेवण गरम मिळतं की गार, हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि ते पाठ होतं तेव्हा अर्जेंटिना सोडाच, आखातात राहून शेजारचं मस्कतसुद्धा त्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझी बायको त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही भावोजीच म्हणत आलो. ते मला 'साडूभाऊ' म्हणतात. ही हाक त्यांच्या तोंडून आली की आपल्याला आता उठून कुठेतरी जावं लागणार, हे मी ओळखून असे.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईत करामाला राहत होतो आणि मी एका शिपिंग कंपनीत या टेबलावरचे कागद त्या टेबलावर हलवत होतो. भावोजी आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, अबू धाबीच्या बाजूला मुसफ्फात कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत. भावोजी एका बांधकाम कंपनीत ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होते. कामगारांच्या कँपमधून साइटवर आणि साइटवरून कँपमध्ये अशा तीसेक बसेस सोडणं हे त्यांचं काम. पहिली बस सुटायची पहाटे साडेचारला, म्हणजे भावोजी साडेतीनला उठत, आणि दुपारच्या पाळीची शेवटची बस परत आल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मधल्या वेळात ते झोपत असावेत असा आमचा अंदाज होता. पाहिलं मात्र कुणी नव्हतं.

या नोकरीने त्यांच्या अंगात एक कायमची घाई भरून ठेवली होती. बस भरली की ते पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारत आणि ओरडत, "यल्ला, चलो!" पुढे पुढे त्यांचा हात समोर येईल त्या वस्तूवर पडू लागला. ताई फ्रिजमधून काही काढायला वाकली की मागून फ्रिजवर दोन थापा. एका मित्राच्या लग्नात फोटो काढायला वेळ लागला, तेव्हा स्टेजवर जाऊन त्यांनी नवरदेवाच्याच पाठीवर दोनदा थाप मारली, आणि तो बिचारा खरंच चार पावलं पुढे गेला. गणपतीत आमच्या करामातल्या फ्लॅटमध्ये आरती चालू होती. तिसरी आरती संपून चौथी सुरू होणार, एवढ्यात मागून भिंतीवर थाप-थाप वाजलं आणि पाठोपाठ "यल्ला!" आलं. पेटीवाल्याने घाबरून थेट मंत्रपुष्पांजली सुरू केली. आमच्याकडे जेवायला आले की ते पहिला घास घेताना म्हणत, "छान झालंय हो सगळं. निघायचं का?" ताई त्यांच्याकडे बघत नसे. ती आमटी वाढून घेई आणि सावकाश जेवे.

अशा माणसाच्या आयुष्यात अर्जेंटिना आणून सोडण्याचं पाप एका वेल्डिंग इन्स्पेक्टरचं. तो पाइपलाइनच्या कामासाठी सहा महिने आला होता आणि रोज भावोजींच्या पिकअपमधून साइटवर जात असे. धिप्पाड, पांढऱ्या मिश्यांचा, मोडकंतोडकं इंग्लिश बोलणारा. एके दिवशी समोरून कामगारांनी भरलेली बस गेली तेव्हा तो म्हणाला, आमच्या गावालाही बसनेच जातात. भावोजींनी विचारलं, किती वेळ लागतो? तो म्हणाला, राजधानीहून छत्तीस तास.

"छत्तीस तास!" भावोजींनी हे मला सांगितलं तेव्हा ते आमच्या बाल्कनीत उभे होते आणि कठड्यावर बोटं वाजवत होते. "साडूभाऊ, एका बसमध्ये छत्तीस तास! रस्ता संपतच नाही! इथे सहा तास सरळ गाडी हाकली तर एकतर समुद्र लागतो, नाहीतर ओमानची चौकी."

"पण छत्तीस तास बसमध्ये बसून करायचं काय?" मी विचारलं.

ते बोटं वाजवायचे थांबले. "इतकी वर्षं मी बस सोडतोय," ते म्हणाले, "पण माझी एक बस कुठे पोचली नाही हो. सकाळी गेली, संध्याकाळी परत. मला एकदा न परतणाऱ्या बसमध्ये बसायचंय."

इन्स्पेक्टर जाताना त्यांना आपल्या देशाचा एक घड्यांवर फाटलेला नकाशा देऊन गेला. तो मुसफ्फातल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याच्या वर चिकटला. मग एक दोनशे पानी वही आली. भावोजींनी तिकडच्या बस कंपन्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्त्यावर नुसतं कंपनीचं नाव आणि शहराचं नाव असे. सात-आठ महिने काहीच आलं नाही. मग एकदा एक लिफाफा आला. त्यात स्पॅनिशमध्ये छापलेलं एक रंगीत पत्रक होतं, दुमजली बसचं. ते पत्रक आम्हांला इतक्या वेळा दाखवलं गेलं की माझ्या बायकोला त्या बसमधल्या हसऱ्या बाईची साडेसाती मागे लागल्यासारखं वाटू लागलं.

पत्रक वाचता यावं म्हणून स्पॅनिशच्या कॅसेट आल्या. पिकअपमध्ये दिवसभर त्या चालत. इन्स्पेक्टरच्या गावाचं नाव रिओ गाजेगोस. तो स्वतः त्याला 'गाशेगोस' म्हणायचा, कॅसेटवरची बाई म्हणायची 'गायेगोस'. यातलं खरं कोणतं, यावर भावोजी पठाण ड्रायव्हरांशी चर्चा करत. एका शुक्रवारी ते धापा टाकत आमच्याकडे आले आणि बूट न काढताच म्हणाले, "साडूभाऊ, तिकडे बसमध्ये दोन वर्ग असतात. एक 'कामा', दुसरा 'सेमी-कामा'. कामा म्हणजे काय सांगा?"

"काय?"

"पलंग!" ते आनंदाने ओरडले. "आपण जन्मभर कामावर जातो, आणि ते लोक कामावर झोपतात!"

त्यांचं नियोजन कधी एका जागी राहिलं नाही. आज ठरलेला मार्ग पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकत नसे. कधी डोंगराकडून जायचं, कधी समुद्राकडून, कधी आधी उत्तरेला जाऊन मग खाली. प्रत्येक मार्गाला ताईसाठी खिडकीची जागा आणि स्वतःसाठी तिच्या शेजारची जागा लिहिलेली असे. सीटचे नंबरसुद्धा. "वर बसलं तर दिसतं, खाली बसलं तर झोप लागते," ते सांगत, आणि लगेच म्हणत, "आपण झोपायला थोडेच चाललोय? वरचीच. पहिली रांग." पुढे करामात सायबर कॅफे निघाले तेव्हा दर शुक्रवारी ते मला तिथे घेऊन जात. पडद्यावर बसचा फोटो वरून खाली एकेक रेघ करत उतरे. टप दिसला, काच दिसली, आणि तिथेच सगळं थांबलं की भावोजी मॉनिटरवर दोन थापा मारत. कॅफेवाल्या मल्याळी मुलीने एकदा शांतपणे सांगितलं, "अंकल, ये बस नहीं है." त्यावर भावोजी म्हणाले, "मालूम है. बस का फोटो है."

या सगळ्यात एक मोठी अडचण होती. ताईला बस लागायची. लहानपणापासून. एसटीच्या नुसत्या वासाने तिचा चेहरा उतरे. भावोजींच्या मते हा सरावाचा प्रश्न होता. म्हणून एका शुक्रवारी त्यांनी साहेबांची परवानगी काढून कंपनीची एक रिकामी बस रंगीत तालमीसाठी घेतली. प्रवासी आम्ही पाचजण: ताई, त्यांची शाळकरी मुलगी, मी, माझी बायको आणि स्वतः भावोजी. ड्रायव्हर पेशावरचा, त्याला सगळे खानसाब म्हणत. बस मुसफ्फातून बाहेर पडली तेव्हा खानसाबने विचारलं, "साब, जाना किधर है?"

"कहीं नहीं जाना," भावोजी म्हणाले, "आठ घंटा चलते रहो."

खानसाबने आरशातून आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि गिअर टाकला. भावोजी सेवक झाले होते. दर दोन तासांनी ते हेलकावे खात मधल्या वाटेतून येत, स्पॅनिशमध्ये काहीतरी घोषणा करत आणि पोळीभाजीचे डबे वाटत. मुलगी वॉकमन कानाला लावून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, नोबडी गोज टू अर्जेंटिना फॉर अ बस." भावोजींनी तिला स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. अल ऐनपर्यंत ताई ठीक होती, गप्पाही मारत होती. मग अल ऐन शहरातले ते गोल चौक सुरू झाले. एका चौकातून सुटलो की दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. चौथ्या चौकात ताईने हात वर केला, खानसाबने बस थांबवली, आणि ताई उतरून एका खजुराच्या झाडाशी जाऊन बसली. माझी बायको तिची पाठ चोळत होती. भावोजी पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

तोंड धुऊन ताई म्हणाली, "मला बस नाही लागत हो. वळणं लागतात."

दुसरा कुणी असता तर नाद सोडता. भावोजींनी घरी जाऊन नकाशावर दोरा धरला. डोंगराकडचे सगळे रस्ते त्याच दिवशी वहीतून बाद झाले. उरला एकच, समुद्राच्या बाजूने खाली रिओ गाजेगोसला जाणारा, तो छत्तीस तासांचा, दोऱ्यासारखा सरळ. तो मार्ग मात्र त्यांनी पुन्हा कधी बदलला नाही.

बदलत राहिलं ते साल. एका वर्षीची सुट्टी वडिलांच्या आजारपणात गेली. मग ते वडील गेले. एका वर्षी गावी, मिरजेच्या घराला स्लॅब घालायचा होता. मग मुलीची बारावी, मग तिला पुण्याच्या कॉलेजात सोडणं. दर वेळी भावोजी वहीत नवं पान घेऊन तारखा पुढे सरकवत आणि म्हणत, "इन्शाल्ला, पुढच्या डिसेंबरात. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड. बघायला जास्त वेळ मिळतो." आम्ही 'हो हो' म्हणत असू. खरं सांगायचं तर ते कधी जातील असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. त्यांना जायचं नसून फक्त निघायचं आहे, असं मी एकदा माझ्या बायकोला म्हणालो होतो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो होतो.

मग एका ऑक्टोबरात त्यांच्या कंपनीने बसेस स्वतः चालवणं बंद करायचं ठरवलं. वाहतुकीचं काम बाहेरच्या ठेकेदाराकडे गेलं. भावोजींना दोन महिन्यांची नोटीस मिळाली. त्यानंतर व्हिसा कॅन्सल, आणि मिरज. पन्नाशी उलटलेल्या सुपरवायझरला दुसरी नोकरी कोण देणार? आम्ही भेटायला गेलो तेव्हा यार्डात ठेकेदाराच्या नव्या कोऱ्या बसेस उभ्या होत्या आणि भावोजी घरात सोफ्यावर बसले होते. नुसते बसले होते. चहा आला, प्याले. जेवायला वाढलं, जेवले. निघायचं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आम्ही निघतो म्हटल्यावर म्हणाले, "बसा की थोडं." परतताना गाडीत माझी बायको डोळे पुसत होती. स्वयंपाकघरातला नकाशा खाली उतरवलेला तिने पाहिला होता. तो आणि ती वही रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात ताई. एकटी. चेहरा हिरवटसर, केस विस्कटलेले, एका हातात आवळा सुपारीची डबी, दुसऱ्या हातात पिशवी.

"बसने आले," ती म्हणाली.

माझ्या बायकोला वाटलं, काहीतरी वाईट झालं. "भावोजी बरे आहेत ना?"

"त्यांना ठाऊक नाही. अबू धाबीहून इथपर्यंत बसने आले. एकदाही उलटी झाली नाही. स्टँडवरून मात्र चालत आले. आणखी कशात बसायची हिंमत नव्हती." तिने आधी ग्लासभर पाणी संपवलं, मग पिशवीतून ती वही काढली, दोन पासपोर्ट काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "तुम्हांला कागदपत्रांचं कळतं. हे सगळं जानेवारीच्या आत व्हायला पाहिजे. एकदा मिरजेला गेलो की तिथून काही हे होत नाही."

"ताई, पण छत्तीस तास..."

"दोन तासांत मरत नाही तर छत्तीस तासांत काय मरणार आहे?" ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "ते दिवसभर बसून असतात रे. मला बघवत नाही."

ताईने मला 'रे' म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी ऑफिसात फोन करून रजा घेतली.

वकिलातीत आम्ही तिघे गेलो. भावोजींना आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास बसला नसावा. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने प्रवासाचा तपशील मागितला. ताईने वही आत सरकवली; गावांची नावं आणि वेळा भावोजींनी स्पॅनिशमध्येच लिहिल्या होत्या. त्या माणसाने एक पान उलटलं, मग दुसरं, मग तो चष्मा लावून वाचायला लागला. थोड्या वेळाने त्याने आतून एका बाईला बोलावलं, तिने आणखी एकाला. तिघे वहीवर वाकले होते आणि त्यांच्यात वाद जुंपला होता. शेवटी अधिकाऱ्याने वर बघून इंग्लिशमध्ये विचारलं, "तुम्ही तिकडे किती वर्षं राहिलात?"

"अजून नाही," भावोजी म्हणाले, आणि उच्चार सांभाळत स्पॅनिशमध्ये पुढे काहीतरी बोलले. त्यावर आतली बाई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. ते काय बोलले हे त्यांनी आम्हांला आजतागायत सांगितलेलं नाही. व्हिसा मिळाला.

डिसेंबरच्या अखेरीला आम्ही त्यांना विमानात बसवलं. भावोजींनी नवा शर्ट घातला होता. खिशाला तीन पेनं होती, आणि प्रत्येक थांब्याची खरी वेळ टिपून घ्यायला वहीत रकाने आखलेले होते. चार दिवसांनी, दुपारी एकच्या सुमाराला मी ऑफिसात डबा उघडत होतो, तेव्हा फोन वाजला. दूरवरचा, खरखरता. ताई.

"पोचलो. गाजेगोसला. इथे आत्ता सकाळ आहे."

"तुमची तब्येत?"

"मला काय धाड भरलीये? एक वळण नाही वाटेत."

"आणि भावोजी? द्या त्यांना."

फोनमध्ये वारा वाजत होता. "ते बाकावर बसलेत," ताई म्हणाली. "आत्ताच उठलेत."

सगळी हकीकत कळली ती ते परत आल्यावर. सामान आधीच कार्गोने गेलं होतं. दोन दिवस ते आमच्याकडे करामात राहिले आणि तिथूनच कायमचे मिरजेला गेले. ब्वेनोस आयरेसहून बस संध्याकाळी सहाला सुटली होती, ठरल्या मिनिटाला. वरचा मजला, पहिली रांग, समोर भिंतीएवढी काच. भावोजींनी पहिल्या रकान्यात वेळ लिहिली. शहराबाहेर पडेपर्यंत ते ड्रायव्हरच्या चुका काढत होते. मग शहर संपलं, रस्ता सरळ झाला, आणि त्यांची मान ताईच्या खांद्यावर पडली. ती रात्र गेली, दुसरा अख्खा दिवस गेला, दुसरी रात्र गेली. जेवण आलं की ताई त्यांना उठवे, ते अर्धवट डोळ्यांनी चार घास खात आणि पुन्हा झोपत. ड्रायव्हर बदलले, गावं आली आणि गेली. ज्या रस्त्याचा एकेक थांबा त्यांना दहा वर्षं पाठ होता, तो रस्ता त्यांनी पाहिलाच नाही.

"मग उठवलं का नाहीस?" माझ्या बायकोने विचारलं.

ताई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "उठवणार होते. हात लावला होता खांद्याला. पण लग्न झाल्यापासून ह्यांना असं झोपलेलं मी बघितलंच नव्हतं गं. तोंड उघडं, हात सैल. कुणाची बस सुटायची नव्हती, कुणाला पोचवायचं नव्हतं. म्हटलं, बाहेर काय आहे ते मी बघते."

भावोजी टेबलाशी बसले होते. समोर ती वही, रकाने कोरे. मला वाटलं होतं ते हळहळतील, चिडतील, निदान स्वतःला हसतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "चल, सांग. मी लिहितो."

ताई सांगू लागली. ती एवढं बोलू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. पिवळं गवत, संपतच नाही असं. सगळं गवत एकाच बाजूला वाकलेलं, इतका वारा. मधेच मेंढ्या, मधेच उंटासारखी पण बारकी, लांब मानेची जनावरं, कुंपणावरून उडी मारणारी. एक माणूस घोड्यावर, आजूबाजूला घर नाही, दार नाही, कुठून आला आणि कुठे चालला कोण जाणे. त्याने बसकडे बघून टोपी काढली, आणि वर काचेमागे तीच एक जागी होती म्हणून तिनेही हात हलवला. भावोजी भराभरा लिहीत होते. मधे मधे थांबवून 'हे कोणत्या गावाच्या आधी?' असं विचारत होते आणि ताई 'मला नाही माहीत' म्हणून पुढे जात होती. माझ्या बायकोच्या पोळ्या करायच्या राहिल्या होत्या आणि कुणीच कुणाला उठा म्हणत नव्हतं.

"मग एकदम उजवीकडून की डावीकडून, समुद्र आला," ताई म्हणाली. "गर्द निळा. इथल्यासारखा नाही. मी तुम्हांला हाक मारली होती तेव्हा. तुम्ही 'हं' म्हणालात."

"किती वाजले होते?" भावोजींनी विचारलं. पेन वेळेच्या रकान्यावर टेकलेलं होतं.

"ते नाही बघितलं," ताई म्हणाली. "ऊन होतं."

भावोजी खाली वाकले आणि त्या अरुंद रकान्यात, अक्षर बारीक करून, त्यांनी लिहिलं: ऊन होतं.